मिलमधल्या खुणा

माझा नातू दीड वर्षाचा असताना मी त्याला 'साहेब आला' ही खूण शिकवली आणि घरात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तळहात डोक्यावर टोपीसारखा धरायचा आणि डोळे बारीक करायचे, की झाला साहेब. मुलाचे मित्र घरी आले की पोराला मधे उभं करायचे आणि म्हणायचे, आबा, साहेब दाखवायला सांगा. मी खूण केली की ते टिचभर पोरगं डोक्यावर हात ठेवून असं काही बघायचं, की आमचा जुना फोरमनच समोर उभा राहायचा.

साखर कारखान्याच्या मिल विभागात मी चौतीस हंगाम काढले. तिथं उसाचे रोलर, टर्बाइन, गिअर यांचा असा कल्लोळ, की शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. मग आम्ही हातानं बोलायचो. बोट गोल फिरवलं की चालू कर. मूठ वर धरली की बंद. तळहात खाली दाबत राहिलं की हळू. दोन बोटं आणि अंगठा ओठाला लावून कलते केले की चहा. पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं असेल तर पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर टाच आपटायची. पत्रा थरथरला की त्याच्या तळव्याला कळायचं आणि तो वळून बघायचा. या खुणा कुणी शिकवल्या नाहीत, कुठं लिहिलेल्या नाहीत. नवा माणूस आठ दिवसांत आपोआप शिकायचा.

त्या आवाजात माझे कान गेले. उजवा पुरता आणि डावा आठ आणे. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात ठेवायचो. बोळे घालणारा आम्हाला नाजूक वाटायचा. असो. मस्ती होती, तिची फळं भोगतोय.

आमचं घर सांगवीच्या बाहेर, रस्त्याला लागून, तिन्ही बाजूंनी ऊस. बायको नातवाचं तोंड बघायच्या आधीच गेली. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत सुट्या भागांच्या कारखान्यात, सूनबाई तिथंच एका दुधाच्या कंपनीत लॅबमध्ये. सकाळी आठला दोघं एका मोटरसायकलवर निघायचे ते संध्याकाळी सहाला परत. पोरगं सहा महिन्यांचं झालं आणि सूनबाईची रजा संपली, तेव्हा बाई ठेवायची की पाळणाघर बघायचं याची चर्चा सुरू झाली. मी म्हणालो, "मी काय मेलोय व्हय?" आणि चर्चा संपली.

तेव्हापासून पोरगं माझ्याकडं. दूध पाजणं, भात कालवणं, शी-शू, अंघोळ, झोपवणं, सगळं मीच. आयुष्यात स्वतःच्या पोराला कधी कडेवर घेतलं नव्हतं. लोक काय म्हणतील याची लाज वाटायची. आता ती लाजच उरली नव्हती.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. ज्याचे कान गेले त्याच्याशी घरची माणसं हळूहळू बोलायची बंद होतात. मुद्दाम नाही. पण एकच गोष्ट तीनदा ओरडून कोण सांगणार? मी "काय म्हणालास?" असं दुसऱ्यांदा विचारलं की मुलगा हात झटकून म्हणायचा, "जाऊ द्या आबा, काय न्हाय." जेवताना तिकडं ती दोघं हसायची आणि मी ताटात बघून भाकरी मोडायचो. विचारायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. माझा स्वभाव मुळातच तिरसट, तो आणखी तिरसट झाला. पोराला मात्र मी कधी "काय?" म्हणून विचारलं नाही. त्याचं सगळं मला कळायचं आणि माझं सगळं त्याला. सबंध घरात आम्हा दोघांचंच पटायचं. मला फार बरं वाटायचं ते.

आणि आम्ही धमाल करायचो! अंगणात लिंबाखाली मी फळ्या ठोकून एक माचा केला होता, ओल आणि मुंग्या लागू नयेत म्हणून. आमचा सगळा खेळ त्या माच्यावर. ज्वारीच्या ताटांच्या चिपाडाची बैलगाडी, हळदीच्या पाण्यात पंजे बुडवून भिंतीवर उठवलेले ठसे, कोळशानं काढलेला हत्ती. हत्ती माझा कुत्र्यासारखा यायचा, पण गिऱ्हाईकाची तक्रार नव्हती. सगळ्यात भारी म्हणजे आमची मिल. दोन जुनी लाटणी एका चौकटीत एकावर एक बसवली, एकाला तारेचा हँडल लावला. पोरगं हँडल मारायचं, मी दुसरीकडून कोवळं गवत सारायचो. पलीकडून हिरवा रस ठिबकला की स्वारी टाळ्या पिटायची. मी बोट फिरवलं की चालू. तळहात दाबला की हळू. मूठ वर केली की तिथल्या तिथं बंद, हात हवेत धरून, हुकमाची वाट बघत. असा कामगार मला चौतीस वर्षांत मिळाला नव्हता. पाठ फिरवून बसला असेल तर मी फळीवर टाच आपटायचो, लगेच वळून बघायचा.

खूण करायचो तेव्हा मी तोंडानं बोलायचो का? आता आठवून बघतो. बोलत नव्हतो. मिलमध्ये कुणी बोलायचं नाही.

पोरगं बोलत नव्हतं. नवव्या-दहाव्या महिन्यात थोडं बा-बा केलं, मग तेही कमी होत गेलं असं सूनबाई म्हणायची. मला ते आधी होतं की नव्हतं हेही नीट ठाऊक नाही, कारण बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. हसायचा मात्र मोठ्यानं. ते हसू चढत चढत किंचाळीवर जायचं आणि कुठं थांबायचं ते त्याला उमगत नसे. एकदा दूध घालायला आलेली बाई हसता हसता गप्प झाली आणि त्याच्याकडं बघत राहिली. मला तिचा राग आला होता.

"आबा, दीड वर्षाचा झाला, आई पण म्हणत नाही," सूनबाई म्हणाली.

"त्याचा बाप तीन वर्षाचा होईस्तवर मुका होता," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलत्यात. आन बोलाय लागली की गप बसत न्हायती. बघ की तुझ्या नवऱ्याकडं."

हे खोटं नव्हतं. मुलगा खरंच उशिरा बोलला. सगळे हसले आणि विषय मिटला. मी तो असाच पाच-सहा वेळा मिटवला.

सूनबाईचं माहेर इंदापूरचं. विहीणबाई एका सुट्टीच्या दिवशी सकाळी एसटीनं आल्या, पिशवीत पेरू घेऊन. त्यांच्या बागेत पोपटांचा सुळसुळाट, आणि पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की मूल लवकर बोलतं, म्हणून त्यांनी तसले उष्टे पेरू वेचून आणले होते. पोरानं बिया थुंकत थुंकत दोन खाल्ले. मग विहीणबाई मला म्हणाल्या, "आबा, राग मानू नका. पण ह्याला ऐकू येतंय ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐकू मला येत न्हाय," मी म्हणालो. "त्याला समदं येतंय."

"बघू की मग. बघायला काय जातंय?"

त्यांनी चुलीपुढची पितळी परात उचलली. पोरगं माच्यावर मिलशी खेळत बसलं होतं, आमच्याकडं पाठ. विहीणबाई अंगानं भरलेल्या. त्या चप्पल काढून माच्यावर चढल्या, दोन पावलं पुढं गेल्या आणि परातीवर उलथनं हाणलं. पोरगं झटकन वळलं.

"बघा!" मी म्हणालो. "पोपटाचा गुण म्हणा न्हायतर पेरूचा!"

विहीणबाई हसल्या, कान पकडले, सूनबाईच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. त्या दिवशी पुरणाचा घाट घातला. जेवताना मला एकच गोष्ट दिसत होती. विहीणबाईंनी पाऊल टाकलं तेव्हा फळी वाकली होती आणि पोरगं वळलं होतं ते फळी वाकल्यावर, उलथनं परातीला लागायच्या आधी. मी ते पाहिलं होतं. मग मी स्वतःला म्हणालो, म्हाताऱ्या, तुला चष्म्यातून असं कितीसं दिसतंय? आणि पोळीवर आणखी तूप वाढून घेतलं.

वैशाखात सूनबाईच्या भावाचं लग्न निघालं, इंदापूरला. संध्याकाळची वरात, कार्यालयाबाहेर पोरंसोरं फटाके लावत होती. मला गर्दी सोसत नाही, म्हणून मी नातवाला घेऊन मांडवाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथं वाळूचा ढीग होता. पोरगं बसकण मारून काटकीनं वाळूत रेघा काढू लागलं. आमचा हत्ती काढत असावं. नवरदेवाच्या मित्रांतला एक जण धावत आला, पोराच्या पाठीमागं पाच-सहा हातांवर सुतळी बॉम्ब ठेवून, वात पेटवून पळाला. मी "अरे ए!" म्हणून उठेपर्यंत तो फुटला.

मला तो ऐकू आला. मला! उजव्या मेल्या कानातसुद्धा कळ गेली. मांडवातल्या बायकांनी कान दाबले, दोन तान्ही पोरं एकदम रडायला लागली, बांधलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. आणि माझ्या नातवानं काटकी वाळूत टेकवून हत्तीची सोंड पुरी केली. सावकाश, जीभ बाहेर काढून. मग त्याला धुराचा वास आला. त्यानं नाक मुरडलं, मागं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मनगट उलटं फिरवलं. काय झालं, अशी ती खूण.

मी इकडंतिकडं बघितलं. कुणीही आमच्याकडं बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं घोड्याकडं. हे फक्त मी पाहिलंय असं कळल्यावर मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला बरं वाटलं.

त्याच दिवशी जाऊन सूनबाईला सांगायचं होतं. लग्नघर आहे, उद्या सांगू म्हणालो. उद्या पाहुणे होते. परवा ती कामावर गेली. मग आठवडा गेला, मग जून उजाडला. मी चोरून तपासण्या केल्या. पोरगं माच्यावर झोपलेलं असताना त्याच्या उशाशी खालच्या दगडावर तांब्या टाकला. रस्त्यापलीकडचं कुत्रं दचकून उठलं आणि भुंकायला लागलं. पोरगं तसंच झोपलेलं. त्याच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या. कारखान्याचा भोंगा व्हायच्या वेळेला घड्याळ हातात धरून त्याचं तोंड बघत बसलो. रोज वाटायचं, आज पापणी हलेल. एकदा हललीसुद्धा. माशी बसली होती.

का नाही सांगितलं? दीड वर्ष पोरगं माझ्या हातात आणि मला कळलं नाही, हे कोण ऐकून घेणार, हे एक. आता त्याला बारामतीला, पुण्याला नेतील, सूनबाई नोकरी सोडेल आणि मी पुन्हा माच्यावर एकटा, हे दुसरं. आणि सगळ्यांत आतलं जे होतं ते असं, की त्याच्यासंगट असलो की मी बहिरा नव्हतो. त्याला दुरुस्त केलं तर तो पण तिकडं जाईल, जेवताना हसणाऱ्यांत. आणि एक दिवस मला म्हणेल, जाऊ द्या आबा. कसा नीच विचार आहे हा! पण तो मी केला.

आणि मग मी गप्प राहण्याच्याही पुढं गेलो. संध्याकाळी मोटरसायकल अंगणात शिरली की सूनबाई उतरता उतरता हाक मारायची. पोरगं मिलवर डोकं घालून बसलेलं. मी पुढं होऊन फळीवर टाच आपटायचो. किंवा ती घरात उभी राहून हाक मारायची तेव्हा तिच्या मागं जाऊन मी हात हलवायचो. पोरगं वर बघायचं, मला बघून हसायचं आणि धावत यायचं. मधे ती उभी असायची, ती त्याला उचलून घ्यायची. एकदा ती फोनवर विहीणबाईंना सांगत होती. मला नीट ऐकू आलं नाही, पण चेहरा दिसत होता आणि ओठ दिसत होते. आज एका हाकेत आला, म्हणत होती. मी तांब्याभर पाणी प्यालो आणि बाहेर जाऊन बसलो.

पोरगं अडीच वर्षांचं होत आलं. हंगाम सुरू झाला. घरापुढच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. एका दुपारी मी त्याचा भात कालवायला आत गेलो आणि बाहेर आलो तर माचा रिकामा. पोरगं रस्त्याच्या मधोमध बसून पडलेलं उसाचं कांडं ओढत होतं. ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. पोरानं मान वर केली नाही. मी ताट फेकून कसा पळालो मला माहीत नाही. ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "आबा, बहिरं हाय का पोरगं?"

"तुझा बाप बहिरा!" मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि पुन्हा वर चढला. संध्याकाळी मी अंगणाला तारेचं फाटक बसवलं. मुलगा म्हणाला, आबा, हे बरं केलंत. तेव्हासुद्धा मी सांगितलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस झाले असतील. सूनबाईची सुट्टी होती. दिवेलागण होऊन गेली होती, मुलगा मोरीत अंघोळीला, ती ओट्याजवळ भाकरी थापत होती आणि पोरगं तिच्या पायाशी गुळाचा खडा चोखत बसलं होतं. मी दाराशी. अन् लाइट गेली. आमच्याकडं त्यात काही नवल नाही, पण त्या दिवशी अमावास्या जवळ होती आणि गॅसही तिनं अजून पेटवला नव्हता. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

पोरगं रडायला लागलं. ते रडणं माझ्या आठ आणे कानालाही ऐकू आलं, असं होतं. जत्रेत हरवलेलं पोर रडतं तसं. काही वेळानं सूनबाईनं मोबाइलचा उजेड केला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली होती. हात पिठानं माखलेले, म्हणून तिनं त्याला धरलं नव्हतं, नुसती बोलत होती. उजेडात त्यानं तिला पाहिलं आणि रडं टपकन थांबलं. गुळाचा खडा पुन्हा तोंडात गेला.

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. उजेड खालून पडला होता, ओठ स्पष्ट दिसत होते.

"आबा, मी इथंच होते. सारखी बोलत होते त्याच्याशी."

मी पोराकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी कान पुढं केला, हात कानामागं धरला आणि म्हणालो, "काय म्हणालीस?"

शब्दन् शब्द मला कळला होता. आयुष्यात मी बरीच वाईट कामं केली असतील, पण याच्या खाली काही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं ओट्यावरचा तांब्या घेतला, पोराच्या मागं गेली आणि पळीनं त्यावर मारायला लागली. एकदा, दोनदा, मग सारखी. पोरगं गूळ चोखत माझ्याकडं बघत होतं. मुलगा ओल्या अंगानं धावत आला, "काय झालं, काय झालं" करत, तरी ती मारतच होती. शेवटी त्यानं तिचा हात धरला.

बारामतीत एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. औषध देऊन पोराला झोपवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या. तासभर मशीनवर रेघा उमटत होत्या. मी दारातून बघत होतो. मुलगा, सूनबाई कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं, पण त्यांनी मला घरी ठेवलं नाही, कारण पोरगं माझ्याशिवाय झोपलं नसतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला कमी ऐकू येतंय हे ओळखून त्या माझ्याकडं तोंड करून सावकाश बोलल्या. दोन्ही कान जन्मापासूनच काम करत नसावेत. आधी कानाला मशीन लावून बघू, पण बहुतेक ऑपरेशन करावं लागेल. मग शिकवणं, वर्षानुवर्षं. "मुलगा फार चलाख आहे," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं कळतंय. कुणीतरी भरपूर मेहनत घेतलीय." मग त्यांनी पेन उचललं. "पहिल्यांदा शंका कधी आली?"

"आत्ताच," मुलगा म्हणाला. "पंधरा दिवस झाले."

"वैशाखात," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं वळले. मी लग्नाचं सांगितलं, सुतळी बॉम्बचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"या वयात एकेक महिना मोलाचा असतो, आजोबा," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण तो यायचा," सूनबाई म्हणाली. ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, घाईघाईनं. "मी हाक मारली की वळायचा. धावत यायचा माझ्याकडं. अगदी परवापरवापर्यंत. मग ते कसं?"

त्याचं उत्तर देणारा एकच माणूस त्या खोलीत होता.

"तो मी होतो," मी म्हणालो. "तुझ्या मागं हुबं ऱ्हाऊन हात हालवत होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मुलगा उठून बाहेर गेला आणि दार आपटलं. त्याच्या आवाजानं टेबलावरची काच थरथरली. खाटेवर पोरगं तसंच झोपलेलं.

नंतर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मधे अंतर ठेवून, पोरगं तिच्या मांडीवर. ते जागं झालं, डोळे चोळले, आईकडं बघितलं आणि मग मान वळवून मला शोधलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ऑपरेशन होईपर्यंत त्याला जे कळतंय ते बंद करू नका, त्या खुणा घरात सगळ्यांनी शिका आणि सोबत तोंडानं बोला. बऱ्याच वेळानं सूनबाई माझ्या अंगाला वळून बसली. तोंड माझ्यासमोर येईल अशी. इतक्या वर्षांत घरातलं कुणी माझ्याशी असं समोर बसून बोललं नव्हतं.

"पाण्याची कुठली?" तिनं विचारलं.

मी दाखवली. तिनं करून बघितली. पोरगं तिच्या हाताकडं टक लावून बघू लागलं.

"भुकेची?"

दाखवली.

"झोपायची? दुखतंय म्हणायची? नको म्हणायची?"

दाखवल्या. एकदा बघितलं की तिला जमत होतं. हुशार पोरगी आहे ती. मग तिनं विचारलं, "आईची?"

माझा हात मांडीवरून उठला नाही. चौतीस हंगामात मिलमध्ये कुणाला आईची खूण लागलीच नव्हती. आणि माच्यावर, अंगणात, मी ती करायला हवी होती असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सहाला ती यायची, मी पोराला तिच्याकडं ढकलायचो आणि चहा मांडायला जायचो.

"न्हाय," मी म्हणालो. "केलीच न्हाय."

"तुमची आहे?"

पोरगं आमची दोघांची तोंडं बघत होतं आणि मी त्याच्याकडं बघितल्यावर त्याला वाटलं, आबा आपल्याला विचारतायत. त्यानं अंगठा आणि बोट वरच्या ओठावर नेलं, मिशीला पीळ दिला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि माझ्याकडं बोट दाखवून खुदकन हसलं.

सूनबाईनं ते पाहिलं. तिचा चेहरा वाकडा झाला आणि पुन्हा सरळ झाला.

"मग करा," ती म्हणाली. "आत्ता करा माझी. माझ्यासमोर."

मी हात वर केला. तिच्याकडं बघितलं. कपाळावरची टिकली, कानातलं, खांद्यावरची ओढणी, बघावं तिकडं खूण होण्यासारखं होतं, आणि मला काहीच सुचेना. हात तसाच हवेत राहिला. पोरगं त्या हाताकडं बघत थांबलं होतं.